पहिला घोट यजमानाचा

कुंडलचा आकाराम लष्करातून निवृत्त झाला, तेव्हा त्याच्या हातात एक कसब होतं, पण गावात त्याचा कुणालाच उपयोग नव्हता. वीस वर्षं तो ऑफिसर मेसमध्ये आबदार होता, म्हणजे साहेबलोकांना दारू वाढणारा. स्वतः पीत नसे. घोट तोंडात घोळवायचा, थुंकायचा आणि कुठली बाटली कुठल्या जेवणाबरोबर चालेल ते बिनचूक सांगायचा.

कराडजवळच्या एका साखर कारखान्याच्या अतिथीगृहात त्याला वाढप्याची नोकरी लागली. तिथला मॅनेजर दादासो हा चेअरमन लालासाहेबांचा मेहुणा. शहाण्णव सालच्या थंडीत यंत्रं पुरवणाऱ्या एका फ्रेंच साहेबानं आपल्या काओर भागातल्या वाइनच्या सहा बाटल्या भेट पाठवल्या. काळपट लाल, अंगानं जड वाइन. बुचं सुकू नयेत, ऊब लागू नये म्हणून आकारामनं त्या पाण्याच्या रांजणांच्या खोलीत ओल्या वाळूत आडव्या निजवल्या.

चौथ्या दिवशी त्या दादासोला सापडल्या. त्यानं ड्रायव्हर, आचारी, भांडी घासणारी रंगुबाई, सगळ्यांना गोळा केलं.

"लपवून ठेवतोस व्हय रं? कर आ. वास बघू दे."

पन्नाशीच्या आकारामनं सगळ्यांदेखत आ केला. दादासोनं नाक जवळ नेऊन हुंगलं. मागं कुणीतरी फिसकन हसलं. वास कसला येणार? तरी दादासो चुकलो म्हणाला नाही. बाटल्या त्यानं चुलीमागच्या फळीवर उभ्या करून ठेवल्या.

"सायेब, तितं शिजत्याल त्या."

"वाइन हाय, अंडी न्हाईत."

त्या दिवसापासून आकारामनं तोंडाला कुलूप घातलं. येता-जाता तो फळीकडं बघायचा. उन्हाळा तापत गेला, तसा त्याचा जीव निवत गेला.

मे महिन्यात फ्रेंच साहेब दुपारच्या जेवणाला आला. दादासोनं तांबडा रस्सा करायला सांगितला. ही वाइन तिखटाबरोबर कडू लागते, घसा जाळते. तिला निखाऱ्यावर भाजलेलं चरबीचं मटण हवं, हे आकारामला ठाऊक होतं. तो नुसता "जी" म्हणाला.

बूच निघताच त्याच्या नाकाला कळलं. जळका गूळ आणि व्हिनेगर. आता रीतीप्रमाणे पहिला घोट यजमानाचा. त्यानं वास घ्यायचा, चाखायचं, बिघडली असेल तर बाटली परत पाठवायची. चेअरमन पीत नसत, म्हणून मान दादासोचा. आकारामनं त्याच्या पेल्यात तळ झाकेल एवढीच ओतली आणि हात मागं बांधून त्याच्या तोंडाकडं टक लावून उभा राहिला.

"हात आखडला का रं?" दादासोनं गटकन गिळली. "एक नंबर. वाढ सगळ्यांना."

साहेबानं पेला नाकाशी नेला आणि खाली ठेवला. चेअरमनना हळूच इंग्रजीत काही विचारलं. चेअरमन वळले.

"आकाराम, बाटल्या कुठं ठेवल्या होत्या?"

"चुलीमागं, जी. मॅनेजरसायबांनी."

"आणि तुला वास आला नाही?"

"आला की. पन मागं आमचं तोंड हुंगून सायबांनी पारख दाखवली हुती. म्हटलं, हितंबी त्येंचीच चालू द्या."

ती वाइन साहेबाच्या बापानं पिकवलेल्या द्राक्षांची होती, हे चेअरमननी खालच्या आवाजात सांगितलं आणि दादासोला भरल्या ताटावरून उठवलं.

पाहुणे गेल्यावर त्यांनी आकारामलाही कामावरून काढलं, कोठीच्या चाव्या मागितल्या. "पाहुण्याच्या ताटात सूड घेतलास."

"घेतला, जी."

चाव्या टेबलावर ठेवून तो एसटी पकडायला निघाला. कराड सुटेपर्यंत त्याला हसू आवरत नव्हतं. पुढं मात्र कधी न पाहिलेला तो म्हातारा मळेकरी, साहेबाचा बाप, आठवत राहिला.