मुतारीचा ठराव

माझी वहिनी नगर परिषदेची निवडणूक जिंकली त्या दिवशी गुलाल माझ्या भावाच्या डोक्यावर पडला. हार त्याच्या गळ्यात, उघड्या जीपवर उभा तो, लोकांना हात जोडून राहिला तो. वहिनी घरात होती. मिरवणुकीसोबत येणाऱ्या माणसांसाठी तिने मोठ्या गंजात चहा ठेवला होता. मी सौंसरहून खास निकालासाठी गेले होते. दारात उभी राहून मी ती जीप गल्लीत वळताना पाहिली. जीपला बांधलेल्या फ्लेक्सवर भावाचा फोटो मोठा आणि निवडून आलेल्या बाईचा कोपऱ्यात, डोक्यावर पदर घेतलेला. मला राग आला. आनंदाचा दिवस म्हणून मी तो गिळला. पुढे पुढे गिळता येईना.

माझं माहेर मध्य प्रदेशात, सौंसर आणि पांढुर्ण्याच्या मधल्या एका लहान गावात आहे. गावाचं नाव लिहीत नाही, माझी माणसं अजून तिथेच राहतात. भावाचं शेतीच्या पंपांचं दुकान आहे. बारावीनंतर तो दुकानात बसला तो बसलाच. वहिनी नरखेडकडची, लग्नाआधी बी.ए. झालेली. आमच्या घरात आल्यापासून तिच्या त्या बी.ए.चा उपयोग दुकानाची बिलं तपासण्यापलीकडे कोणी केला नव्हता.

मी सौंसरच्या शाळेत मराठी शिकवते. आमच्या भागात मराठी शिकवणं म्हणजे काय, ते बाहेरच्याला सांगून कळत नाही. भोपाळवाल्यांना आम्ही महाराष्ट्राचे वाटतो आणि नागपूरला गेलो की तिथले म्हणतात, हे एमपीवाले. घरात मराठी, कचेरीत हिंदी, बाजारात दोन्हीची खिचडी. म्हणून आपल्याच भागातल्या काही लोकांनी नवा पक्ष काढला तेव्हा मला खरोखर बरं वाटलं होतं. पक्षाचं नावही लिहीत नाही. त्यांच्या पत्रकात मराठीच्या मास्तरांच्या रिकाम्या जागांचा विषय होता, संत्र्यावर प्रक्रिया करणाऱ्या कारखान्याचा होता, दवाखान्यात बायांच्या डॉक्टरचा होता. ते पत्रक मी दोनदा वाचलं. पहिल्यांदाच कोणीतरी आपल्या भाषेत आपलं दुखणं लिहिलंय असं वाटलं.

आमचा वार्ड बायांसाठी राखीव झाला. भावाला पार्षद म्हणजे नगरसेवक व्हायचं होतं, ते जमणार नव्हतं, म्हणून पक्षाने तिकीट वहिनीला दिलं. तिला विचारलं कोणी नाही. भाऊ घरी येऊन म्हणाला, "उद्या फॉर्म भराले जायचं आहे. ती जांभळी साडी काढून ठेव."

पण वहिनीने प्रचार मनावर घेतला. मी सरकारी नोकर, मला प्रचार करता येत नव्हता. बाजाराच्या दिवशी माहेरी असले की पिशवी घेऊन तिच्यासोबत जायची, भाजी घ्यायला कोण अडवतं. अशाच एका दिवशी सांबार म्हणजे कोथिंबीर आणि मेथी घेऊन बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईजवळ वहिनी थांबली. ऊन तापलं होतं. बाईचे ओठ सुकलेले. वहिनीने आपल्या पिशवीतली पाण्याची बाटली पुढे केली. बाईने मान हलवली.

"नको बाई. पानी पेलं का मंग जा लागते. जाऊ कुठी?"

वहिनीला आधी कळलंच नाही. मग शेजारची कांदेवाली म्हणाली, "आमी बाजाराच्या दिवशी पानीच पेत नाई. सकाळच्या बशीनं येतो ते सांजच्यालेच घरी."

माणसांसाठी अडचण नव्हती. कोणत्याही भिंतीकडे तोंड केलं की झालं. मी त्याच गावात वाढलेली, वहिनी तिथे नांदलेली, आणि घर जवळ असल्यामुळे आम्हाला हे कधी सुचलंही नव्हतं. घरी आल्यावर पिशवी ठेवून वहिनी म्हणाली, "ताई, मी निवडून आली तर पहिले हेच करीन. बाकीचं पक्ष पाहून घेईल."

त्या दिवसापासून तिने दारोदारी तेच सांगितलं. बाजारात बायांसाठी मुतारी, आणि तिला पाण्याचा नळ. बाया आधी पदरात हसायच्या, मग गंभीर व्हायच्या. पक्षाची माणसं मागे उभी असायची. तेव्हा कोणाला तो शब्द खटकला नाही, कारण मतं मिळून राहिली होती.

पक्षाचे लोक बऱ्याच ठिकाणी निवडून आले, आमच्या परिसरात तर अपेक्षेपेक्षा जास्त. आमच्या परिषदेत कोणालाच बहुमत नव्हतं. मग एका मोठ्या पक्षाशी बोलणं झालं, अध्यक्ष त्यांचा आणि उपाध्यक्ष आपला असं ठरलं. ज्यांना शिव्या देऊन मतं मागितली त्यांच्याच मांडीला मांडी लावून आपली माणसं बसली. भाऊ म्हणाला, "राजकारणात असंच असते."

काही दिवसांनी पांढुर्ण्याला एका मंगल कार्यालयात विजयी पार्षदांचा सत्कार होता. वहिनीने मला सोबत नेलं. स्टेजवर खुर्च्यांची रांग होती आणि त्या खुर्च्यांवर नवरे बसले होते. निवडून आलेल्या बाया खाली पहिल्या रांगेत, नव्या साड्यांत, मांडीवर हात ठेवून. एकेकीचं नाव पुकारलं की तिचा नवरा उठायचा आणि शाल घ्यायचा. वहिनीचं नाव आलं. भाऊ उठला, वाकला, शाल घेतली, टाळ्यांना हात जोडले. माझ्या शेजारी बसलेली वहिनीसुद्धा टाळ्या वाजवत होती. मी तिचा हात धरून खाली केला.

मग जिल्ह्याचा पुढारी बोलायला उभा राहिला. चांगला बोलायचा. आपली माती, आपली बोली, आपली अस्मिता. आता सत्ता आली आहे तर आधी काय करायचं ते तो सांगू लागला. प्रत्येक गावाच्या वेशीवर मराठी अक्षरातलं भव्य स्वागतद्वार. चौकात पुतळे. दुकानांच्या पाट्या मराठीत. पक्षाचं स्वतःचं कार्यालय. मी वाट पाहत होते की आता मास्तरांचं येईल, आता कारखान्याचं येईल, दवाखान्याचं येईल. काही आलं नाही. मुलांना मराठी शिकवायला माणूस नाही आणि हे वेशीवर मराठी अक्षरं लावणार. ती वाचायची कोणी? मराठीच्या नावाने टाळ्या पडत होत्या आणि मराठी शिकवणारी मी दात आवळून बसले होते.

भाषण संपता संपता वहिनी उभी राहिली. पदर सारखा करून तिने विचारलं, "साहेब, बाजारातल्या मुतारीचं काय?"

पुढाऱ्याने माइकवर हात ठेवला. तरी ऐकू आलंच. "वहिनी, असे विषय घरी बोलू. आज चांगला दिवस आहे."

लोक हसले. सगळा हॉल हसला. स्टेजवरून भावाने तिला हाताने खाली बसायची खूण केली, लहान पोराला करतात तशी.

परतताना गाडीत भाऊ तिच्यावर उखडला. "चार लोकांत मुतारी मुतारी का करून राहिली होती? आपल्या इज्जतीचं काही आहे का नाई?"

वहिनी खिडकीबाहेर संत्र्याचे बगीचे पाहत राहिली. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "भाऊ, तुझ्या दुकानामागच्या भिंतीवर तू हातभर अक्षरात लिहून ठेवलं आहे, इथे लघवी करू नये. तिथे तुझी इज्जत जात नाही?"

"तू यात पडू नको, बाई."

"पडीन. तिनं मतं मागितली ती तुमच्या सगळ्यांच्या समोर हाच शब्द बोलून मागितली."

त्याने गाडीतला रेडिओ मोठा केला.

परिषदेच्या बैठका सुरू झाल्या आणि भाऊ जाऊ लागला. सह्यांचे कागद घरी यायचे, वहिनी ओट्याजवळ उभी राहून सह्या करायची. मी विचारलं तर भाऊ म्हणे, "तिले समजते का तिथलं?" त्या घरात विजेच्या बिलावर कुठे चूक आहे हे फक्त तिलाच समजत होतं. बायकोऐवजी नवऱ्याने बसायचं नाही असा नियम आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. ज्यांनी तो पाळायला लावायचा ते अधिकारी त्याच नवऱ्यांसोबत चहा पीत होते.

मग एके दिवशी तिचा फोन आला. स्वागतद्वाराचा ठराव येणार होता. "ताई, तुम्हाला सुट्टी काढता येईल का? मले कोणी सोबत पाहिजे." तिच्या आवाजात रडणं नव्हतं. मी सकाळच्या बसने निघाले.

परिषदेच्या सभागृहाला दोन दारं आहेत आणि उकाड्यामुळे दोन्ही उघडी होती. मी व्हरांड्यात थांबले. आत टेबलांवर पार्षदांच्या नावांच्या पाट्या. वहिनीच्या नावाच्या पाटीमागे भाऊ बसला होता, शेजारच्याशी गप्पा मारत. वहिनी सरळ जाऊन त्याच्या बाजूला उभी राहिली.

"उठा," ती म्हणाली.

"घरी जा. मी पाहून घेतो."

"तुम्ही उठा. ही खुर्ची माझी आहे."

अधिकाऱ्याने समोरच्या फायलीत डोकं घातलं. कोणीतरी हसलं. विरोधी पक्षाची एक वयस्क पार्षद होती, त्या सभागृहात स्वतःच्या पाटीमागे बसलेली तेवढी एकच बाई. ती मोठ्याने म्हणाली, "अहो भाऊ, नाव वाचता येत नाही का तुम्हाला?"

भाऊ उठला. व्हरांड्यातून जाताना माझ्या अंगाला घासून गेला, पण माझ्याकडे पाहिलं नाही. कान लाल झाले होते त्याचे. खोटं कशाला सांगू, मला त्याची दया आली नाही.

स्वागतद्वाराचा विषय आला तेव्हा वहिनी बोलली. हात टेबलावर घट्ट दाबले होते. "बाजारात बायांसाठी मुतारी आणि पाण्याचा नळ, हा ठराव आधी घ्या. तोवर मी द्वारासाठी हात वर करणार नाही."

उपाध्यक्ष आमच्याच पक्षाचा. तो म्हणाला, "तुम्ही पक्षाच्या तिकिटावर आल्या आहात. असं करता येत नाही."

"मी दारोदारी हेच सांगून आली. तुम्ही माझ्या मागे उभे होते."

द्वाराचा ठराव मंजूर झाला. मोठ्या पक्षाने हात वर केले, आपल्या पक्षाच्या नवऱ्यांनी केले. वहिनीच्या ठरावाला दोन हात, तिचा आणि त्या वयस्क बाईचा. पुढच्या बैठकीत विचार करू, असं म्हणून तो बाजूला ठेवला.

संध्याकाळपर्यंत पक्षाची नोटीस आली. भाऊ तिच्याशी बोलेनासा झाला. जेवायचा तिच्याच हातचं, पण ताट उचलून ओसरीत जाऊन बसायचा. नातेवाईक मला फोन करून सांगू लागले की वहिनीला तू चढवलं. मी म्हणायची, हो, मीच. खरं म्हणजे तिला कोणी चढवावं लागलं नव्हतं. बाई स्वतःच्या डोक्याने उभी राहते, हे पटायला माणसांना फार जड जातं, आणि बायांनाही.

ती मात्र प्रत्येक बैठकीला जाऊ लागली, प्रत्येक बैठकीत तोच विषय काढू लागली. हळूहळू आणखी एक-दोन बाया आपापल्या खुर्चीत येऊन बसल्या. एकीने नवऱ्याला बाहेर मोटरसायकलवर बसवून ठेवलं होतं, तो तासभर हॉर्न वाजवत होता. शेवटी मुतारी मंजूर झाली. बांधून झाली तेव्हा वेशीवरचं स्वागतद्वार उभं राहून जुनं झालं होतं, त्यावरच्या पुढाऱ्याच्या फोटोवर चिमण्या घाण करत होत्या. मुतारीच्या उद्घाटनाला तोच पुढारी आला. फीत कापली, आणि बायांच्या सन्मानाबद्दल बोलला. माइकवर हात न ठेवता बोलला. मी त्या दिवशी तिथे असते तर काय केलं असतं सांगता येत नाही.

नळ लावला होता, पाणी नव्हतं. कितीतरी बाजार तसेच गेले. वहिनी आमच्या दुकानाच्या बोअरवरून पाइप ओढून टाकी भरायची. भाऊ पाइप काढून टाकायचा, ती परत लावायची. पुढे पाणी आलं. आता तिथे रांग असते. गावाच्या तोंडी मात्र अजून हेच आहे की पक्षाने मुतारी बांधली.

पुढची निवडणूक जवळ येऊन राहिली आहे. या वेळी आमचा वार्ड खुला होईल अशी हवा आहे. पक्षाने भावाला तिकिटाचा शब्द दिला आहे. वहिनी म्हणते, मी अपक्ष उभी राहीन. एकाच घरातून दोघं. मागच्या महिन्यात भाऊ माझ्याकडे सौंसरला आला. खूप दिवसांनी आला होता, थकलेला दिसला. जेवण झाल्यावर म्हणाला, "बाई, तू तिले समजव. तुझं ऐकते ते."

"काय समजवू?"

"का आता बस झालं. तिनं पाच वर्षं केलं ना, आता मले करू दे."

"पाच वर्षं तिनं केलं, हे तू आज पहिल्यांदा म्हणून राहिला."

त्याने चप्पल जवळ ओढली. मग म्हणाला, "मी पडलो तर लोक काय म्हणतील? बायकोनं पाडलं म्हणतील."

"म्हणू दे. तिला तू इतके दिवस पाडूनच राहिला होता, तेव्हा कोणी काही म्हटलं का?"

मला वाटलं तो चिडेल. चिडला नाही. चप्पल घातली आणि बसस्टँडकडे निघाला. मी त्याला थांबवलं नाही. माझं मत त्या गावात असतं तर किती बरं झालं असतं, एवढंच डोक्यात येत होतं.

तो गेल्यावर मी वहिनीला फोन केला आणि झालेलं सगळं सांगितलं. तिने नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "जेवून निघाले ना ते?"

मला तिचाही राग आला. या बाईला एवढं सोसूनही पहिलं हेच सुचावं. मी म्हटलं, "जेवला. पोटभर जेवला."

"बरं झालं," ती म्हणाली, आणि फोन ठेवला. मागच्या गल्लीत नालीचं काम सुरू होतं, तिला तिथे जाऊन उभं राहायचं होतं.