लाल ओळीपुढे थांबणाऱ्या सुमनताई

सुमनताईंची नि माझी पहिली भेट आकुर्डीच्या आमच्या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत, मुलाखतीच्या वेळी झाली. माझे तळहात घामाने ओले झाले होते. ताईंनी चहा पुढे सरकवला आणि म्हणाल्या, "घाबरलीस व्हय? बरं हाय. बिनधास्त माणसं मला नकोच." ताई थेरगावच्या जुन्या शेतकरी घरातल्या. मोठ्या पदावर गेल्या तरी त्यांनी बोलणं गावचंच ठेवलं, हे आपण सारे जाणताच. त्यांच्या साठीनिमित्त लिहायला बसले आणि पुन्हा तशीच घाबरले आहे.

माझी मुलगी तापाने फणफणली होती, तेव्हा ताई पुनावळ्याला आमच्या घरी येऊन तिच्या उशाशी बसल्या आणि मला झोपायला पाठवलं. पण मला सांगायचंय ते चाकणचं.

तिथल्या एका कारखान्यासाठी आम्ही पत्रा दाबणाऱ्या प्रेस मशीनजवळचा स्क्रीन बनवत होतो. मशीन थांबलं की स्क्रीन हिरवा होणार, मगच कामगार आत हात घालून डाय, म्हणजे साचा, बदलणार. त्या मशीनवर माझे यजमान होते. सांगा, माझ्या जिवाला चैन कसं पडणार?

ताईंनी हा प्रोग्राम टाइपस्क्रिप्ट या संगणकभाषेत लिहून घेतला होता. गुरुवारी चाकणच्या कारखान्यांना आठवडी सुट्टी, म्हणून त्या दिवशी कारखान्यातच बसून त्यांनी कंपायलर बसवला. ब्राउझरसाठी प्रोग्राम तयार करतानाच तो आपल्या चुका दाखवतो. ताईंनी सगळ्यात कडक तपासणी चालू केली आणि बघता बघता चुकांच्या लाल ओळीच लाल ओळी!

मॅनेजर हादरले. "अहो ताई, कालपर्यंत चालत होतं की! ती कडक सेटिंग काढून टाका. उद्या फर्स्ट शिफ्टला स्क्रीन पायजे."

"न्हाई काढणार. शिफ्ट थांबू द्या."

संध्याकाळपर्यंत एकच लाल ओळ उरली. कंपायलरचं म्हणणं इतकंच, की मशीनचा सिग्नल कदाचित येणारही नाही. "एवढ्याशा ओळीसाठी अडून बसायचं?" मॅनेजर वैतागले. ताईंनी मशीन रिकामंच चालू ठेवायला सांगितलं आणि मशीन चालू की बंद हे कळवणाऱ्या सेन्सरची वायर काढायला लावली. मशीन धडधडत होतं आणि स्क्रीन हिरवागार! सिग्नल नाही म्हणजे मशीन बंद, असं आमचा प्रोग्राम धरून चालला होता. समोर, चाचणीसाठी सुट्टीतही बोलावलेले माझे यजमान हातमोजे चढवत उभे होते.

ताईंनी दुरुस्ती केली. पुन्हा वायर काढली, स्क्रीन लाल झाला. मग वायर जोडून, मशीन थांबवून, हिरवा स्क्रीन बघून यजमानांनी आत हात घातले. मी देवाचं नाव घेत होते. डाय बदलली, हात बाहेर आले. "आता काय भ्या न्हाई, ताई," ते हसत म्हणाले.

ताई मात्र बाकावर मटकन बसल्या. पाण्याचा पेला एका दमात रिकामा केला.

"ताई, तुम्हीसुद्धा घाबरलात?"

"व्हय गं. मला रोजच भ्या वाटतं. आत कुणाचा तरी हात असतोय."

ताई, उदंड जगा. गुडघे सांभाळा, बीपीची गोळी चुकवू नका. आणि रागावणार नसाल तर एक मागते: तुमची ती भीती तेवढी कधी जाऊ नये. माझं माणूस अजून त्याच मशीनवर आहे.