बद्द वाजणारा चिमटा

मिस्त्रीच्या दुकानात नवा भाग औषधालाही सापडायचा नाही. सायकली जुन्या, त्या बनवणारे कारखाने कधीच बंद पडलेले. नवे भाग आणायचे कुठून? मग भंगारातून चाकं, साखळ्या, पायडल उचलायचे आणि म्हाताऱ्या सायकलींना पुन्हा रस्त्यावर आणायचं. पण स्वारी मोठी चोखंदळ. पुढचं चाक धरणारा चिमटा घेताना तो आधी दोरीला टांगायचा, पान्यानं ठोकायचा आणि डोळे मिटून ऐकायचा. खणखणीत वाजला तर घ्यायचा. बद्द वाजला तर रंगाखाली कुठेतरी चीर आहे, सरळ परत. भंगारवाला चिडवायचा, "मिस्त्री, चिमटा घेताय की मडकं?"

गेल्या वर्षापासून मात्र बारीक आवाज त्याला ऐकू येईनासे झाले होते. हे त्यानं कोणालाच सांगितलं नव्हतं. बायकोच्या बोलण्यावर नुसतं "हं" म्हणून वेळ मारून न्यायचा. तिला वाटायचं, नवरा संसाराला कंटाळला. चिमटे तो अजूनही टांगायचा, ठोकायचा, डोळे मिटायचा आणि सवयीनं मान डोलवायचा. कळत काही नव्हतं.

त्या सकाळी तो गेला तेव्हा भंगारवाला कोपऱ्यात काहीतरी शोधत होता.

"इथला हिरवा चिमटा कुठे गेला? वितळवायला बाजूला ठेवला होता."

"मी नेला परवा. तुमचा भाऊ होता दुकानात."

"तुम्ही? अहो, तो तर बद्द वाजत होता! माझ्यासारख्यालाही कळलं!" भंगारवाल्याचा आवाज दणदणीत. शब्द न् शब्द ऐकू आला.

मिस्त्रीच्या पायाखालची जमीन सरकली. तो चिमटा त्यानं ताईच्या सायकलला बसवला होता. त्याची थोरली बहीण टेकडीवरच्या दवाखान्यात नर्स होती, आणि पन्नाशी उलटली तरी तिथला उतार रोज सुसाट उतरायची.

त्यानं फोन लावला. ताई कामावर असताना फोन कपाटात ठेवायची; तो वाजून वाजून थांबला. मिस्त्री सायकल दामटत कसाबसा टेकडी चढला. दवाखान्याच्या दारात तिची सायकल नव्हती. म्हणजे रात्रपाळी संपवून निघाली! पण वाटेत तर कुठे दिसली नव्हती. सायकलवरून कडेचं नीट दिसलं नसतं. आपली सायकल कुंपणाला टेकवून तो उतारावर धावत सुटला. रस्त्याच्या मधोमध पळत तो दोन्ही बाजूंच्या चरांत डोकावत होता. कुठल्या तरी चरात ती पडलेली दिसेल, याच भीतीनं.

एकदम त्याच्या बाहीला काहीतरी घासून गेलं. ताईच! सायकल तिनं दवाखान्याच्या मागे सावलीत लावली होती. त्याला चुकवायला हँडल वळवलेल्या ताईनं करकचून ब्रेक दाबला, आणि चिमटा मोडला. चाक एकटंच उताराला लागलं. ताई रस्त्यावर आदळली.

तो धावत तिच्याजवळ गेला. कोपर सोलवटलं होतं, गुडघ्यातून रक्त येत होतं, पण ती उठून बसली आणि कडाडली, "केव्हाची घंटी वाजवतेय! बाजूला का झाला नाहीस?"

"ऐकू आली नाही, ताई. मला ऐकूच येत नाही आता नीट." तो रडायला लागला. "हा चिमटा बद्द होता, तेही मला कळलं नाही."

ताईनं मोडलेल्या टोकाकडे पाहिलं. मग त्याचा दंड घट्ट धरून, त्याला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "आणखी कोणाकोणाला बसवलेस असे?"

मिस्त्री एकेक गिऱ्हाईक आठवून बोटांवर मोजू लागला. दोन्ही हातांची बोटं संपली.