छत्तीसच्या रिळातला चाळिसावा फोटो

बाळ्याचं वय छप्पन्न. त्याला अजून बाळ्या म्हणणारं जगात एकच माणूस उरलं होतं, ते म्हणजे त्याची थोरली बहीण. बाकी सगळे त्याला 'कवळीवाले' म्हणत, कारण तीस वर्षं त्याने कवळ्याच बनवल्या. दंतवैद्याने घेतलेले हिरड्यांचे ठसे त्याच्या टेबलावर यायचे आणि दात होऊन परत जायचे. त्यामुळे माणूस समोर आला की चेहऱ्याआधी दात पाहायची खोड त्याला लागलेली. बायकोला पहिल्यांदा भेटला तेव्हा 'वरचा सुळा जरा पुढे आहे' एवढंच त्याच्या लक्षात राहिलं, आणि शहाण्याने ते तिला सांगितलंही. तरीही तिने लग्न केलं, आता काय बोलणार!

दुसरी खोड जुन्या कॅमेऱ्यांची. घरात नऊ कॅमेरे आणि चौदा लेन्स होत्या. त्यातली एक लेन्स त्याच्याहूनही वयाने मोठी, काच चहाच्या पाण्यासारखी पिवळट झालेली, आणि तीच त्याची सर्वांत लाडकी. 'हिच्यातून माणसं दुपारी झोपून उठल्यासारखी निवांत दिसतात,' असं तो म्हणायचा. फ्रिजमध्ये लोण्याशेजारी फिल्मचे रोल. रविवारी सकाळी बाथरूमची डार्करूम व्हायची आणि दारावर पाटी लागायची: 'आत काम चालू आहे. उघडू नये.'

"अहो, घरात माणसं दोन," बायको म्हणायची. "त्यातलं एक आत. मग पाटी कोणासाठी लावता?"

पण माणूस आनंदी होता. शटरचा तो 'टक्' आवाज, रीळ पुढे ओढताना अंगठ्याला लागणारा ताण, आणि मग आठवडाभर काही कळायचं नाही ती हुरहुर. मोबाईलवाल्यांची त्याला कीव यायची. "काढला आणि पाहिला! यात काय राहिलं? पत्र टाकलं आणि पोस्टमनबरोबर आपणच पोचलो, असला प्रकार!"

त्याचे नियमही होते. फोटो काढताना हलायचं नाही. ओठ मिटायचे, कारण वाईट बसलेली कवळी त्याला बघवत नसे. आणि तो काम करत असताना कोणी तोंड उघडायचं नाही.

ताईने आयुष्यात त्याच्याकडे काही मागितलं नव्हतं. एका मोठ्या इस्पितळाच्या शिवणखोलीची ती मुख्य. चौतीस वर्षं तिथे चादरी, अभ्रे, डॉक्टरांचे डगले शिवले आणि उसवलेले पुन्हा शिवले. आता हे सगळं बाहेरून तयार येणार होतं, म्हणून खोली बंद. तिचा फोन आला.

"बाळ्या, शुक्रवारी चार वाजता ट्रक येतोय मशिनी न्यायला. त्याआधी आमचा एक फोटो काढ. मोबाईलवरचा नको. तो महिन्याभरात कुठे गडप होतो कळत नाही. तुझ्या त्या डब्यावर काढ. कागदावर, हातात धरता येईल असा."

"एक कशाला? अख्खं रीळ काढतो!" बाळ्या म्हणाला. छाती दोन इंच फुगली होती.

शुक्रवारी दोनला तो पोचला. लांबट खोली, उंच खिडक्या, बारा मशिनी, बारा बायका. आल्या आल्या त्याने फर्मान काढलं, "मोबाईल सगळे आत टाका." बायकांनी हसत हसत ते कात्र्यांच्या खणात टाकले.

मग बाळ्या रीळ भरायला बसला. रिळाची जीभ उजवीकडच्या दांड्याच्या खाचेत अडकवायची, एक वळसा द्यायचा, झाकण लावायचं. पुढे ओढताना डावीकडची चकती फिरते का ते बघायचं, कारण ती फिरली तरच रीळ पुढे सरकतंय. हे त्याने निदान पन्नास जणांना शिकवलं असेल. पण नेमकी त्याच वेळी काजं-बटणं करणारी एक मावशी कशाला तरी खदखदून हसली. बाळ्याची मान वर झाली. वरची कवळी त्याच्याच हातची! सहा वर्षांपूर्वीची, अजून जागची हललेली नाही. तो कौतुकाने बघत राहिला आणि हातांनी झाकण लावून टाकलं. चकतीकडे कोणी पाहिलं? कोणीच नाही.

पुढचा दीड तास त्याने त्या बायकांना जे छळलं! हनुवटी वर, खांदे खाली, ओठ बंद. एकेकीचा वेगळा, दोघीदोघींचा, मग सगळ्यांचा. बारा जणी पासपोर्टचा फोटो काढायला बसल्यासारख्या ताठ.

"भाऊ, श्वास घेतला तर चालेल का?" इस्त्रीवालीने विचारलं.

"श्श!"

तेवढ्यात खणातला मोबाईल कात्र्यांवर थरथरायला लागला. कोणी हललं नाही. हसू दाबून एकीच्या डोळ्यांतून पाणी आलं.

साडेतीनला बाळ्याने कॅमेऱ्यावरच्या फोटो मोजणाऱ्या आकड्याकडे सहज पाहिलं. अडतीस. छत्तीसच्या रिळात क्वचित अडतीस निघतात, म्हणून खात्रीसाठी त्याने आणखी एक काढला. एकोणचाळीस. मग चाळीस. रीळ ओढायची दांडी लोण्यातून सुरी जावी तशी सुळकन फिरत होती आणि अंगठ्याला ताण कसला तो लागत नव्हता. बाळ्याने डावीकडची चकती पाहिली. ती जागची हलत नव्हती.

रिळावर एकही फोटो आलेला नव्हता. दुसरं रीळ पिशवीत नव्हतं, दुकान गावाच्या पार दुसऱ्या टोकाला, आणि अर्ध्या तासात ट्रक. त्याने एकेचाळिसावा फोटो काढल्याचं सोंग केलं. आता सांगायचं कसं? पुढच्या आठवड्यात म्हणावं, औषध बिघडलं, रीळ जुनं निघालं? बारा बायका त्याच्याकडे विश्वासाने बघत होत्या. ओठ मिटून.

ताई उठली, त्याच्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "बाळ्या, हे डावीकडचं चाक फिरायला हवं ना रे?"

बाळ्याच्या कानशिलांपर्यंत लाली चढली. "तुला काय माहीत?"

"बॉबिन फिरत नसेल तर शिलाई कुठून पडणार? एवढं कळायला कॅमेरा कशाला लागतो?"

"ताई..." तो बायकांकडे वळला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "बायांनो, एकही फोटो निघालेला नाही. चूक माझी."

मग काजंबटणंवाली मावशी म्हणाली, "म्हणजे आता हललं तर चालेल?" आणि जो काही हशा पिकला! इस्त्रीवाली टेबलावर पालथी पडून हसली.

ताईने त्याचं मनगट धरलं आणि त्याला चादरींच्या कोठीत ओढत नेलं. आत खिडकी नाही. दार लावून घेतलं तसा मिट्ट काळोख झाला. उजेडात झाकण उघडायची त्याची हिंमत नव्हती. न जाणो, रीळ आत कुठे अडकून तुटलं असलं, तर उजेड लागून होतं नव्हतं तेही जायचं!

"उघड आता."

झाकण उघडलं. ताईची बोटं आत फिरली. "ही काय, जीभ बाहेरच लोंबतेय. जशी घातलीस तशीच."

म्हणजे रीळ कोरं होतं, पण शाबूत! बाळ्याचा जीव भांड्यात पडला. पण घाईत, काळोखात, जीभ काही खाचेत जाईना.

"दे इकडे. चौतीस वर्षं न बघता दोरा ओवलाय मी." तिने टोक नखाने किंचित दुमडलं.

"दुमडायचं नसतं ते!"

"गप्प बस. आजचं तुझं बोलून झालंय."

खटकन टोक बसलं. बाळ्याने झाकण लावलं आणि दांडी ओढली. काळोखात दोघांची बोटं त्या चकतीवर होती. ती फिरली.

"कधी लक्षात आलं तुझ्या?" त्याने विचारलं.

"तिसऱ्या-चौथ्या फोटोला."

"मग बोलली का नाहीस?"

"तोंड उघडायचं नाही म्हणालास ना? वाटलं, तुझ्या डब्याची रीतच तशी असेल." मग म्हणाली, "आणि खरं सांगू? चौतीस वर्षांत आमच्याकडे एवढं निरखून कोणी पाहिलं नव्हतं. पोरी खूश होत्या. म्हटलं, चालू दे."

बाहेर आले तेव्हा पावणेचार झाले होते. बसवायला, ताठ करायला वेळ कुठला? बायकांचं हसू अजून ओसरलं नव्हतं. कोणी मशिनीवर झाकण घालत होती, कोणी घातलेलं झाकण काढून शेवटची एक शिलाई मारत होती, आणि ताई खणातले मोबाईल वाटताना कोणाचा कोणता यावरून भांडण सोडवत होती. बाळ्या मशिनींमधून वाट काढत सुटला. उजेड खिडकीतून मिळेल तसा, लेन्स तीच पिवळट. आज सगळ्यांचे दात दिसत होते, पडलेले, वाकडे, पुढे आलेले, आणि त्याने एकीलाही ओठ मिटायला सांगितलं नाही. छत्तिसावा निघाला तेव्हा ट्रकवाला दारात उभा होता. तोही आला फोटोत.

रविवारी ताई त्याच्या घरी आली आणि थेट बाथरूममध्ये शिरली. लाल दिव्याखाली बाळ्याने कोरा कागद औषधाच्या थाळीत सोडला. आधी काहीच नव्हतं. मग मशिनीचं चाक उमटलं, मग एक हात, आणि मग मावशीचा उघडा जबडा.

"बघ, कवळी कशी फिट बसलीये!" बाळ्या हरखून म्हणाला.

"डोळे बघ तिचे, गाढवा."

त्याने पाहिले. खरंच, किती हसत होते.

दार वाजलं. "अहो, तास झाला! अजून किती वेळ?"

ताईने थाळीवरची नजर न काढता आतून ओरडून सांगितलं, "थांब गं जरा! बारा जणी आहोत, एकेक करून बाहेर येतोय."