पापुद्रे सुटलेले चार रेनकोट

रेनकोट हातात आला की ताई आधी तो उलटा करायच्या. मग शिवणीजवळचं कापड ओठांना घट्ट लावून जोरात फुंकायच्या. हवा आरपार गेली की तो रेनकोट बाद. भाड्यानं सामान न्यायला आलेली मुलं एकमेकांना कोपरानं ढोसत हसायची. पहिल्या दिवशी मीही हसले होते.

"हस. घाटात पाठ भिजली की बघू कोण हसतं ते."

चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका गाळ्यात आमच्या ट्रेकिंग कंपनीची सामानाची खोली होती. लोकांना डोंगरात नेणारी मी, सामान सांभाळणाऱ्या ताई. त्याआधी वीस वर्षं त्यांनी परदेशी जाणारे रेनकोट शिवले होते. लग्न करून लातूरकडून आल्या आणि थेट मशीनवर बसल्या. स्वतः मात्र पावसात छत्री घेऊन यायच्या. मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "घर ते गाळा दहा मिनिटं. त्याला कशाला डोंगरातलं सोंग?"

लांबच्या वाटेसाठी रेनकोट निवडणारा माणूस पहिला प्रश्न काय विचारतो, हे तुम्हीही ऐकलं असेल. किती ग्रॅम? मुलुंडचा एक गृहस्थ तर घरचा वजनकाटा घेऊन आला होता.

"दादा, कोरड्याचं काय वजन करताय? भिजवून करा," ताई म्हणाल्या. "आधी उलटा करा. शिवणीवर आतून टेप आहे? काखेत हवा जायला चेन आहे? टोपी मानेबरोबर वळते? मग मोजा ग्रॅम."

तो गृहस्थ दीडशे ग्रॅम जास्त वजनाचा रेनकोट घेऊन गेला, आणि काटा आमच्याकडेच विसरला.

दोन वर्षांपूर्वीच्या जुलैत घाटमाथ्यावरून बारा दिवसांची चाल ठरली. पैसे भरलेल्या वीस जणांसाठी नवे, मुठीत मावणारे रेनकोट आले. ताईंनी विसांतही फुंकून पाहिलं, पास केले. तंबू, भांडी आणि शिधा वाहणार होते घाटाखालच्या गावातले चौघं. त्यांच्यासाठी मालकानं बाद ढिगाऱ्यातून चार रेनकोट काढून ठेवले. आतला थर कांद्याच्या पापुद्र्यासारखा सुटत होता.

विसांच्या पाठी हलक्या का होत्या? त्यांचं ओझं चौघांवर चढवलं होतं म्हणून. आणि भिजू द्यायच्या होत्या नेमक्या त्याच चार पाठी.

"ताई, इस्त्रीनं टेप मारून द्या ना यार," मालक म्हणाला. "दोन तासांचं काम."

"मेलेल्या कापडाला टेप धरत नाही."

"अहो, त्या लोकांना पावसाची सवय असते."

"सवय असली म्हणजे थंडी वाजत नाही? चार नवे मागवा. नाहीतर या खोलीतून एकही जाणार नाही. त्या विसांचेसुद्धा नाही."

ताईंनी खोलीला कुलूप घातलं. मालकानं हात पुढे केला. "किल्ली द्या. आणि उद्यापासून येऊ नका."

त्यांनी किल्ली त्याला दिली नाही, माझ्या हातात ठेवली. "लोकांना घेऊन तू जाणार ना? मग तूच ठरव."

मी कुलूप उघडलं. कामगारांच्या हक्कांची पत्रकं वाटत मोठी झालेली मी, नोकरी जाईल म्हणून उघडलं. या गोष्टीतला राग फक्त मालकावर काढून मला मोकळं होता येत नाही.

चौथ्या दिवशी माथ्यावर वारा सुटला. मुक्कामाला पोचलो तेव्हा चौघांतल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाला तंबूची दोरी सुटेना. बोटं वळत नव्हती, बोलणं अडखळत होतं. त्यांचे कपडे बदलले, माझा रेनकोट घातला, गरम पाणी पाजलं. सकाळी खालच्या वाडीतून जीप मागवून दवाखान्यात पाठवलं. मालकाला फोन केला. तो म्हणाला, "नशीब, पार्टिसिपंट नव्हता."

नशीब म्हणे. हा शब्द वापरण्याइतकं सुरक्षित अंतर मालकाला कुणी दिलं?

परत आल्यावर मी नोकरी सोडली आणि माफी मागायला ताईंच्या घरी गेले. काय बोलायचं ते रिक्षात जुळवत होते. ताईंनी दार उघडलं, पण मला बोलू दिलं नाही.

"चौघं परतले?"

"तिघं चालत. एकाला चौथ्या दिवशी गारठ्यानं जीपमधून न्यावं लागलं. आता बरे आहेत."

"नाव काय त्यांचं?"

चार दिवस त्यांच्या हातचा चहा प्यायले होते मी.

"आम्ही सगळे त्यांना मामाच म्हणायचो," मी म्हणाले.

ताई रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"जा, नाव विचारून ये. मग बोलू."

त्यांनी दार आपटलं नाही. हळूच लावून घेतलं.