आधी फळ्या, मग बरगड्या

माझ्या बापाला खोटं बोलता यायचं नाही. गुण म्हणून नाही सांगत मी. या खोडीपायी घरात आम्ही सगळे वैतागलेलो होतो. पंचवटीतल्या फर्निचरच्या दुकानात गिऱ्हाईक विचारायचं, "मिस्त्री, देव्हारा सागाचाच ना?" तर हा माणूस म्हणायचा, "पुढनं साग, मागनं प्लायवूड." दुकानाचा मालक कपाळाला हात लावायचा. माझी आई, शकुबाई, म्हणायची, "अहो, खरं बोलू नका असं नाही म्हणत, पण गप तरी बसता येतं ना?" बाबा हसायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

देवराम भोये त्यांचं नाव. गाव सुरगाण्याच्या डोंगरात. भात निघालं की अर्धा पाडा कामाला बाहेर पडायचा. कुणी ऊसतोडीला, कुणी द्राक्षबागांना. बाबा मात्र घाट उतरून गुजरातच्या किनाऱ्याला जायचे. तिथं एका खाडीकाठी शिडाची मालवाहू गलबतं बांधायची गोदी होती. पहिली दोन वर्षं त्यांनी नुसती करवत ओढली. मग तिथल्या म्हाताऱ्या मिस्त्रीच्या लक्षात आलं, की या डोंगरातल्या पोराला उभं झाड बघून कळतं कुठली फांदी कुठं बसणार ते. गलबताच्या बरगडीला आपसूक वाकलेलं लाकूड लागतं. सरळ लाकूड कापून वाकडं केलं तर लाटेनं तडकतं. सगळ्या दुनियेत वाकड्याला शिव्या, त्या गोदीत वाकड्याला मान.

बावीस वर्षं ते दर मोसमाला गेले. नकाशा नाही, कागद नाही. दोरी, वीत आणि डोळा. तिथली रीत अशी, की तळाचा कणा टाकायचा, त्यावर फळीला फळी खाचेत बसवत, मध्ये तेलातला कापूस ठोकत गलबताचं अख्खं अंग आधी उभं करायचं. आत एक बरगडी नाही, तरी ते पोटासारखं गोल उभं राहायचं. मग त्या पोटाला जशी हवी तशी बरगडी शोधून आत बसवायची. आधी फळ्या, मग बरगड्या. लहानपणी हे मी इतक्यांदा ऐकलं, की पाढ्यांच्या आधी मला हे पाठ झालं.

ब्याण्णव साली गोदी बसली. लोखंडी बोटी आल्या, शिडं गेली. शेवटचं गलबत अर्धं बांधून तसंच राहिलं. वर्षभरानं बाबा काम विचारायला गेले, तर लोक त्याच्या फळ्या सरपणाला नेत होते. घरी येऊन ते एवढंच म्हणाले, "चुलीत गेलं." मग आम्ही नाशकात आलो आणि बावीस वर्षं समुद्राला पुरून उरलेले हात देव्हाऱ्यांना घुंगरं लावायला लागले.

मी मैना, त्यांची थोरली. दोन हजार पाचला कॉम्प्युटरवर चित्रं करायचा कोर्स संपवून गंगापूर रोडच्या एका कंपनीत लागले. परदेशातल्या एका कंपनीचा व्हिडिओ गेम होता, तीनशे वर्षांपूर्वीच्या आपल्या किनाऱ्यावरच्या आरमारी लढायांचा. त्यातली जहाजं आम्ही करायची. खेळणाऱ्यानं गोदीत आपली गुराब, म्हणजे लढाऊ जहाज, टप्प्याटप्प्यानं बांधायची आणि मग लढायचं. आमचे रविराज सर दिवसातून दहा वेळा म्हणायचे, "सगळं इतिहासाला धरून पाहिजे हं! हाच आपला यूएसपी." मी उत्साहानं सांगून बसले, की माझ्या वडिलांनी गलबतं बांधलीत. माझी जीभ तेव्हाच झडली असती तर बरं झालं असतं.

बाबा इस्त्रीचा शर्ट घालून ऑफिसात आले. पडद्यावर गुराबीची गोदी दाखवली. आधी बरगड्यांचा सांगाडा उभा राहतो, मग त्यावर फळ्या चढतात. बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाले, "हे साहेबाच्या देशातलं हाय. आपल्याकडं उलटं." सरांना पटेना. तेव्हा बाबांनी दोन महिने दुकानातल्या कामाच्या फटीत हातभर लांबीचं गलबत बनवलं. वाकड्या काड्यांसाठी सुरगाण्याला दोन फेऱ्या मारल्या. बरगड्या न बसवता नुसतं अंग आणलं, सरांसमोर मोठ्या टबात तरंगवलं, मग एकेक बरगडी आत बसवून दाखवली. सर टाळ्या वाजवायला लागले. त्या दिवशी रिक्षात बाबा मला म्हणाले, "मैना, ते चुलीत गेलं. पण यात राहील बघ. कुणीतरी बांधत राहील." इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडं मागितलेली ही एकच गोष्ट.

मग फोनवर मीटिंग झाली. तिकडून कंपनीचे इतिहासाचे सल्लागार. या गृहस्थांचा चाळीस पानी अहवाल होता, आणि त्यातली गोदी त्यांच्याच देशातली होती. उंटावरून शेळ्या हाकणारा माणूस! मी मध्ये बसून इकडचं तिकडं सांगत होते. सल्लागारांनी विचारलं, "यांनी गुराब स्वतः पाहिली आहे का?"

मी बाबांना विचारलं. ते म्हणाले, "नाय. गुराब मी कधी पाहिली नाय. तीनशे वर्षामागचं मी कसं पाहीन? मी मालाची गलबतं बांधली. पण माझ्या मिस्त्रीच्या बापाचा बापबी असंच बांधायचा."

आणि मी, मूर्ख पोरगी, पहिलं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. पुढचं सांगायला तोंड उघडलं तर तिकडून आवाज आला, "थँक यू, दॅट्स ऑल वी नीड." हातच्या काकणाला आरसा कशाला म्हणतात, इथं काकण टेबलावर पडलेलं आणि हे आरसा मागत होते. गुराब त्या सल्लागारानंही पाहिली नव्हती. पण त्याला कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी त्यानं माझ्या बापासारखं सरळ "नाही" म्हटलं नसतं.

शेवटी अहवालातलंच ठरलं. आधी बरगड्या. आणि ते करायचं काम कुणाकडं आलं? माझ्याकडं. मी नाही म्हणाले नाही. नोकरीला वर्ष झालं नव्हतं, धाकटी पल्लवी कॉलेजात होती. चार महिने मी एकेक बरगडी मन लावून काढली, लाकडाच्या रेषांसकट. घरी बाबा विचारायचे, "कुठवर आलं?" मी म्हणायचे, "तुम्ही सांगितलं तसंच चाललंय." किती सहज यायचं मला! त्यांची लेक शोभत नव्हते मी.

दोन हजार सातला गेम आला. सरांनी हॉल घेऊन कार्यक्रम ठेवला. पत्रकार होते. बाबांचं गलबत काचेच्या पेटीत घालून स्टेजवर मांडलेलं. "आमचे प्रेरणास्थान" म्हणून बाबांना शाल-श्रीफळ दिलं आणि पुढच्या खुर्चीत बसवलं. मग मोठ्या पडद्यावर गोदी उघडली. कणा पडला. आणि माझ्या बरगड्या एकेक करून उभ्या राहिल्या.

मी पडद्याकडं पाहिलं नाही, बाबांकडं पाहिलं. त्यांनी मांडीवरचा नारळ दोन्ही हातांनी धरला होता. सांगाडा पुरा झाला तेव्हा त्यांनी मान वळवून मला शोधलं, आणि माझं तोंड बघून त्यांना सगळं कळलं. मी धाय मोकलून रडायला पाहिजे होतं. मी टाळ्या वाजवत होते, कारण शेजारी सर उभे होते.

सरांनी माईक त्यांच्या हातात दिला. "देवरामजी, दोन शब्द! जसं बांधायचात तसंच झालंय ना?"

मला वाटलं, आता बोलणार. पुढनं साग, मागनं प्लायवूड. माझी नोकरी गेलीच आता. आणि देवाशपथ सांगते, मला वाटत होतं, बोला बाबा, एकदाचं बोला.

बाबांनी माझ्याकडं पाहिलं. मग माईकात म्हणाले, "हां. मी असंच बांधायचो." आणि खाली बसले.

त्यांच्या आयुष्यातलं ते पहिलं खोटं, आणि ते माझ्यासाठी होतं. घरी जाताना रिक्षात ते शाल घडी घालून मांडीवर ठेवून बसले. होळकर पुलावर आल्यावर विचारलं, "बरगड्या तू काढल्या?" मी मान हलवली. "हात चांगलाय तुझा," ते म्हणाले. शिव्या दिल्या असत्या तर मी सोसल्या असत्या हो. त्यानंतर घरात गलबताचा विषय कधी निघाला नाही. गिऱ्हाइकानं सागाचंच ना असं विचारलं तर ते "मालकाला विचारा" म्हणायला लागले. मालक खूश होता.

पुढच्या वर्षी बाबा गेले. मी काचेतलं गलबत मागायला ऑफिसात गेले तर सर म्हणाले, "मैना, ते आता कंपनीचं आहे ना."

मध्यंतरी इंटरनेटवर खेळणाऱ्यांचा वाद वाचला. कुणीतरी परदेशी माणसानं विचारलं होतं, की त्या किनाऱ्यावर आधी फळ्या लावत असत असं मी ऐकलंय, मग गेममध्ये उलटं कसं? खाली कंपनीचं उत्तर होतं. नाशिकच्या एका पिढीजात जहाजकारागिरानं स्वतः पाहून खात्री दिली आहे. सोबत बाबांचा शाल पांघरलेला फोटो आणि ते एक वाक्य. विचारणाऱ्यानं आभार मानले होते, माझी माहिती चुकीची होती म्हणून. मी तीनदा उत्तर लिहिलं, तीनदा पुसलं. खरं लिहायचं तर माझा बाप खोटं बोलला असं लिहावं लागतं.