आक्कांनी पाहिलेला समुद्र

आमच्या सासूबाई, आक्का, कुठलीही गोष्ट अर्धवट बघत नसत. उज्जैनच्या कार्तिक मेळ्यात गेल्या की शेवटच्या दुकानापर्यंत जायच्या. सोबतच्या बायका दमून घाटावर टेकल्या तर म्हणायच्या, "तुम्ही बसा. मी पूर्ण देखून येते."

संस्थान विलीन झालं आणि पिढ्यान्‌पिढ्या दरबारात नोकरी केलेल्या आमच्या घराचा मान एकदम गेला. सासरे, आबासाहेब, घराबाहेर पडेनासे झाले. कोणी मुजरा करणार नसेल तर रस्त्यावर दिसायचं कशाला, असं त्यांचं म्हणणं. आक्कांनी खूप समजावलं, उपयोग झाला नाही. त्या हिवाळ्यात मी माहेरी रत्नागिरीकडे निघाले, तेव्हा त्यांनी स्वतःचीही ट्रंक भरली.

"गुडघे धरलेत तुमचे," आबासाहेब म्हणाले. "या वयात समुंदर काय बघायचा? इथे क्षिप्रा आहे ना?"

"रियासत गेली, पाय नाही गेले," आक्का म्हणाल्या आणि ट्रंकेला कुलूप लावलं.

माहेरी आल्यावर दोन दिवसांत त्यांनी कडा पाहिला, कड्याखालची पांढऱ्या वाळूची चिमुकली पुळण पाहिली. मग समोरच्या खडकावरचा पडका किल्ला दाखवून विचारलं, "तिथे कसं जायचं?"

"ओहोटीला चालत जातात," माझा दादा म्हणाला. "पण आक्का, कातळावर शेवाळ आहे. आम्हीसुद्धा घसरतो."

"मग मी बसून जाईन."

आणि खरंच गेल्या. नऊवारीचा काचा घट्ट मारून, निसरड्या जागी खाली बसून पुढे सरकत. खडकाला चिकटलेल्या कालवांनी तळहात कापला, तो त्यांनी पदराला पुसला. मधल्या घळीत लाट शिरली आणि फवारा थेट आमच्या डोक्यावर आला. मी घाबरले. म्हटलं, "आक्का, परत फिरू या."

"मागे पण हेच दगड आहेत ना, सुमन? मग पुढेच चल."

बुरुजावर त्या बराच वेळ बसल्या. खाली लाटा आपटत होत्या. "त्यांना हे दाखवायला पाहिजे," त्या हळूच म्हणाल्या. "चार भिंती बघून बघून माणूस वेडा होईल." किल्ल्याची समुद्राकडची बाजू अजून राहिली होती. मी हात पुढे केला, तर मान हलवली. "ती राहू दे. ती त्यांच्याबरोबर बघेन." एवढ्यात दादाने पाणी वाढतंय म्हणून हाक मारली आणि आम्ही उतरलो.

उज्जैनला पोचल्या पोचल्या त्यांनी आबासाहेबांना सांगितलं, "पुढच्या साली तुम्हाला यायचंय. चढायला दम लागतो. उद्यापासून सकाळी चालायचं."

दुसऱ्या दिवशी आबासाहेब पगडी घालून दारापर्यंत आले आणि उंबऱ्याशी थबकले. समोर दूधवाला आणि दोन शेजारी बोलत उभे होते.

"लोक बघतील," ते म्हणाले.

पुढे त्यांच्या दम्याने उचल खाल्ली आणि कोकणात जाणं काही झालं नाही. पण ती सकाळ मला आजही दिसते. आक्कांनी पायात चपला सरकवल्या, दार सताड उघडलं आणि त्यांच्या शेजारी उभ्या राहिल्या.

"बघू देत. आपणही त्यांना बघू. चला."

आबासाहेबांनी पाऊल बाहेर टाकलं.